अंबूकाकांची फेरी

तिसऱ्या कॉम्प्रेसरच्या कोपऱ्यावर यंत्र थांबलं, येडाईच्या डोंगराकडे वळलं आणि कमरेतून वाकलं, तेव्हा मंजुषा वाघमोडेच्या हातातला चहा तिच्याच बुटावर सांडला.

वाकलं म्हणजे फार नाही, चार बोटं. दोन पायांचं, पुरुषभर उंचीचं यंत्र होतं ते. त्याला मान नाही, डोकं नाही, दोन खांद्यांच्या मध्ये कॅमेऱ्यांचा एक पट्टा तेवढा. उजव्या हातात पुढे धरलेली शिंदीच्या पानांची केरसुणी. वाकून झाल्यावर ते सरळ झालं आणि डावा पाय किंचित ओढत नळाच्या पुढच्या जोडाकडे चालू लागलं.

"तिथं खालच्या अंगाला एखादा जोड असणार," शेजारी उभा असलेला ओजस रानडे म्हणाला. यंत्र त्याच्या पुण्याच्या तुकडीने बनवलेलं होतं. वय अठ्ठावीस, हुशार, आणि यंत्राबद्दल बोलताना 'हा' म्हणायची सवय. "हा पहिल्या दिवसापासून तिथं वाकतो. आम्ही ते काढून टाकलं नाही. शिकलाय म्हणजे काहीतरी कारण असेल."

कारण मंजुषाला माहीत होतं. त्या कोपऱ्यावरून दोन टाक्यांच्या फटीतून येडाईच्या देवळाचा कळस दिसतो. अंबऋषी सकट, म्हणजे अख्ख्या केंद्राचे अंबूकाका, आठ वर्षं रोज सकाळच्या फेरीत तिथं थांबायचे, देवीला मान तुकवायचे आणि पुढे जायचे. तीन वर्षांपूर्वी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ते गेले. याच फेरीत, याच वाटेवर, चौदाव्या जोडापाशी.

"असेल काहीतरी," ती म्हणाली आणि बूट पुसायला खाली वाकली. ती या केंद्राची सुरक्षा अधिकारी होती. तेव्हाही होती.

पिंपळखोरीचा माळ बार्शी-येरमाळ्याच्या मधला. पूर्वी तिथे कुसळांशिवाय काही पिकत नव्हतं. आता वीज पिकते, आणि त्या विजेने पाणी फोडून हायड्रोजन काढतात. ऐकायला सोपं आहे, पण हा वायू बाजारात आणताना भल्याभल्यांच्या नाकी नऊ आले. एक किलो वायूला नऊ लिटर शुद्ध पाणी लागतं, यंत्रं थंड ठेवायला लागतं ते वेगळं. आणि या भागात पाण्याचं नाव काढलं की लोक काठ्या घेऊनच येतात. शेवटी शहराचं सांडपाणी गाळून वापरायचं ठरलं. भाव खाली यायला पंधरा वर्षं गेली. मग कुठे लांब पल्ल्याचे ट्रक आणि बसगाड्या या वायूवर धावू लागल्या, आणि 'हे काही होणार नाही' म्हणणारे 'आम्ही म्हणतच होतो' म्हणायला लागले.

बाकीची दुखणी वेळेने बरी झाली, एक मात्र झालं नाही. हायड्रोजनला रंग नाही आणि वास नाही. घरच्या गॅसमध्ये मुद्दाम घाण वास मिसळतात, तसा यात मिसळता येत नाही, कारण त्या वासाच्या द्रव्याने गाडीतले फ्युएल सेल, म्हणजे वायूपासून वीज करणारे घट, निकामी होतात. शिवाय जगातला सगळ्यात लहान अणू याचा. तो पोलादाच्या पोटात शिरतो आणि त्याला आतून ठिसूळ करत जातो. मग एखाद्या दिवशी नळाच्या जोडाला केसाएवढी चीर पडते, त्यातून जोराने सुटलेला वायू कधी कधी आपोआप पेटतो, आणि ती ज्वाला दिवसाउजेडी डोळ्यांना दिसत नाही. धूर नाही, लाल-पिवळं काही नाही, धगही आजूबाजूला फारशी फाकत नाही. दोन पावलांवर माणूस निवांत उभा राहू शकतो. रात्री निदान तिची फिकट निळी झाक दिसते, त्यामुळे पिंपळखोरीत अंधाराला कुणी भीत नसे, भीत ते लख्ख उन्हाला.

यावरचा सगळ्यात जुना उपाय म्हणजे झाडू. थट्टा नाही. परदेशातले कामगार असल्या नळांजवळून जाताना झाडू पुढे धरून चालायचे. झाडूचं टोक पेटलं की जागच्या जागी थांबायचं. केंद्र सुरू झालं तेव्हा प्रशिक्षणाला आलेल्या साहेबांनी हे सांगितलं आणि सगळी पोरं फिदीफिदी हसली. एकटे अंबूकाका हसले नाहीत. त्यांच्या घरात चार पिढ्या केरसुण्या बांधत आल्या होत्या.

"दात काढू नका रं," ते म्हणाले होते. "आजवर लोकांचा केर निघावा म्हणून बांधत हुतो. आता हिच्यावर जीव टांगायचा म्हणल्यावर बांधणी बी तशी पायजे."

चौथ्या दिवशी ते घरून केरसुणी घेऊन आले. पानं तीन उन्हं दाखवून कडकडीत वाळवलेली, बारीक चिरलेली, लांब दांड्याला बांधलेली. बांधली होती त्यांच्या बायकोने, कौसाबाईंनी. साहेबांनी काडीची ज्योत दुरून दाखवली तर टोकाने भुरकन पेट घेतला. त्या दिवसापासून पिंपळखोरीच्या नियमांच्या पुस्तकात एक ओळ छापली गेली: हातात केरसुणी असल्याशिवाय कुणीही फेरीला जाऊ नये.

ज्वाला ओळखणारे कॅमेरेही होते, नाही असं नाही. पण माळभर पसरलेल्या सौर पाट्यांवर ऊन चमकलं की ते उगाच बोंब मारायचे, आणि लांडगा आला रे आला म्हणून रोज ओरडणाऱ्याकडे कोण लक्ष देतो.

दुपारी ओजसने तिला कागद दाखवले.

"तुमच्या अंबूकाकांच्या बुटांत आणि हातमोज्यांत कंपनीने संवेदक बसवले होते. खरं तर कामगार मध्येच बसून राहतात का ते बघायला. सहा वर्षांची नोंद नुसती पडून होती. आम्ही सहज चाळली, तर काय निघालं? एखादा जोड गळायच्या चार-चार, पाच-पाच दिवस आधी हा माणूस तिथं जास्त वेळ थांबत होता. हात लावून बघत होता. त्यांना स्वतःलाही कळत नसेल, पण तळहाताला काहीतरी कंप लागत असणार."

"त्यांना कळायचं," मंजुषा म्हणाली. "ते म्हणायचे, ह्या नळाला कणकण आलीया."

ओजस हसला. "मग ह्यालाही ती कणकण कळते. त्यांची चाल, थांबणं, हात ठेवणं, सगळं शिकवलंय. काय उपयोगाचं आणि काय निरुपयोगी हे आम्हाला वेगळं करता येईना, म्हणून सगळंच ठेवलं. चाळीस केंद्रं वाट बघतायत. तीस दिवसांची चाचणी, त्याखाली सुरक्षा अधिकारी म्हणून तुमची सही, आणि मग सुरक्षा समितीची मोहोर."

"आणि केरसुणी कशाला? त्याला तर डोळे आहेत."

"ह्याला दिसेल हो. मागून येणाऱ्या माणसाला कसं दिसणार? केरसुणी पेटली की वाद संपतो."

तिने तारखा बघितल्या. तिसाव्या दिवसाच्या आत लक्ष्मीपूजन येत होतं. त्या रात्री ती जेवली नाही, आणि घरच्यांना पित्त झालंय म्हणून सांगितलं.

त्यानंतरचे तीन आठवडे तिने यंत्राकडे पाठ करून काढायचं ठरवलं, पण कानांना पाठ कशी करणार? डावा पाय ओढल्याचा आवाज खिडकीखालून जायचा. कोपऱ्यावरचं थांबणं, मग चार बोटं वाकण्याएवढी शांतता, मग पुन्हा पाय. कामगार त्याला आधी चेष्टेने अंबूकाका म्हणत. मग चेष्टा गळून पडली आणि नाव राहिलं. एका पोरीने तर वाटेत त्याला आडवी गेल्यावर हात लावून पाया पडल्यासारखं केलं. मंजुषाने त्याला कधीच त्या नावाने हाक मारली नाही. ते नाव उच्चारायचा हक्क आपण गमावला, असं तिला मनापासून वाटत होतं.

कारण त्या दिवशी काय झालं, ते जगात एकट्या तिलाच माहीत होतं.

दर वर्षी लक्ष्मीपूजनाला कौसाबाई नवी केरसुणी द्यायच्या. जुनी आदल्या दिवशी मोडीत निघायची. अंबूकाका नवी घेऊन सकाळची फेरी मारायचे, मग कंट्रोल रूममध्ये तिला हळदकुंकू लावून पूजा व्हायची, असा रिवाज. पण त्या वर्षी मोठे साहेब मुंबईहून पूजेला येणार होते, तेही दहाच्या ठोक्याला. मंजुषाने घाईघाईने सगळी मांडामांड आधीच करून टाकली. केरसुणी तिच्या जागेवर उभी केली, हळदकुंकवाची बोटं ओढली, झेंडूचा हार घातला. बाकीचे बाहेर तोरण बांधत होते. तेवढ्यात अंबूकाका फेरीसाठी आले आणि त्यांनी केरसुणीकडे हात पुढे केला.

"राहू दे, काका," ती म्हणाली. "पूजेला लागली ती. आजच्या दिवशी लक्ष्मीला कशाला राबवायचं? एक दिवस कॅमेरे आहेत की."

त्यांचा हात तसाच हवेत राहिला होता. थोडा वेळ. मग ते म्हणाले, "बरं. तुमी म्हणताय तर." आणि बाहेर पडले. सवयीने रिकामा हात पुढे धरूनच.

चौकशीत तिला विचारलं गेलं, केरसुणी कुठे होती? ती म्हणाली, कंट्रोल रूममध्ये. ते खरंच होतं. ती एक अक्षरही खोटं बोलली नाही, फक्त जेवढं विचारलं तेवढंच बोलली. अहवालात लिहिलं गेलं की मृत कर्मचारी स्वतःच्या विसराळूपणामुळे केरसुणी न घेता फेरीला गेला आणि न दिसणाऱ्या ज्वालेत सापडला. गावात त्याचं एक वाक्य झालं: केरसुणीवालाच केरसुणी इसरला. माणूस गेला ते गेलाच, वर हसं झालं. मंजुषा त्या वाक्याला इतकी भ्यायची की बाजारात केरसुण्यांच्या बाजूने जायचीच नाही.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी ती केंद्रावर पोचली तेव्हा नऊ वाजत आले होते. कंट्रोल रूमच्या दाराला तोरण होतं. तीन वर्षं तिने इथे पूजा होऊ दिली नव्हती. आत पाऊल टाकलं आणि ती तिथेच थांबली.

यंत्राची केरसुणी तिच्या जागेवर उभी होती. तिला हळदकुंकवाची बोटं ओढलेली होती आणि झेंडूचा हार होता.

"मी केली मांडणी," ओजस खुशीत म्हणाला. "लोक म्हणाले, पूर्वी करायचे. म्हटलं, चाचणी संपत आलीये, देवीचा आशीर्वाद घ्यावा."

यंत्र फेरीसाठी आलं. त्याने उजवा हात केरसुणीकडे पुढे केला. आणि हात हवेतच राहिला.

"काय झालं ह्याला?" ओजस म्हणाला.

मंजुषा सेकंद मोजत नव्हती, तरी तिच्या मनात ते मोजले गेले. अकरा. मग यंत्राने हात मागे घेतला, ते वळलं आणि दाराबाहेर पडलं. रिकामा हात पुढे धरून.

"पकड बिघडली असणार. हारामुळे गोंधळला," ओजस म्हणाला आणि पडद्याकडे धावला. मंजुषा खिडकीशी गेली. बाहेर लख्ख ऊन होतं. यंत्र डावा पाय ओढत पहिल्या कॉम्प्रेसरवरून गेलं, दुसऱ्यावरून गेलं. तिसऱ्याच्या कोपऱ्यावर थांबून वाकलं. मग अकरावा जोड, बारावा, तेरावा. प्रत्येक जोडावर हात ठेवत ते चौदाव्यापाशी आलं आणि उभं राहिलं.

आणि उभंच राहिलं.

एक मिनिट गेलं, दोन गेली. रिकामा हात पुढे, एक पाय उचलायच्या बेतात, तसंच ते उन्हात उभं होतं.

"विचित्रच," पडद्यासमोरून ओजसचा आवाज आला. त्यात आता खुशी नव्हती. "हा आज वेगळीच फेरी चालतोय. नेहमीची सरासरी नाही. एकाच दिवसाची फेरी जशीच्या तशी. आणि ती इथंच संपते. पुढचं पाऊल त्याच्याकडे नाहीच, मॅडम. नोंद तिथंच तुटलीये."

मंजुषाला ते शब्द ऐकू आले, पण ती तोवर चालू लागली होती. तिने केरसुणीचा हार काढून टेबलावर ठेवला, हळदकुंकू तसंच राहू दिलं, आणि केरसुणी पुढे धरून उन्हात उतरली. तीन वर्षांत ती त्या वाटेने चौदाव्या जोडापर्यंत एकदाही गेली नव्हती. प्रत्येक पावलाला केरसुणीच्या टोकाकडे बघत ती यंत्राच्या शेजारी जाऊन उभी राहिली. टोक पेटलं नाही. तिथे काहीही नव्हतं, नवा पक्का जोड होता आणि त्यावर ऊन होतं.

तिने यंत्राच्या पुढे केलेल्या हातात केरसुणी दिली.

"घेऊन जा, काका," ती म्हणाली.

यंत्राची बोटं मिटली. पाय खाली टेकला. ते पंधराव्या जोडाकडे चालू लागलं, आणि मंजुषा मात्र चौदाव्याशीच खाली बसली. तीन वर्षांचं रडू होतं, आवरायला वेळ लागला.

ओजस संध्याकाळपर्यंत तिच्याशी काही बोलला नाही. दिवे लागायच्या सुमारास तो तिच्या खोलीत आला आणि दार लोटून बसला.

"आवाज साठवायची परवानगी नव्हती," तो खाली बघत म्हणाला. "युनियनने हरकत घेतली होती. पण फेरीला निघताना वरिष्ठ कुणी काही सांगितलं, तर नोंदीत तशी खूण उमटायची. कोण बोललं ते पदानुसार. त्या दिवशी एक खूण आहे. हात मागे घ्यायच्या आधी. सुरक्षा अधिकाऱ्यांची."

मंजुषाने समोरची फाईल मिटली.

"आम्ही ह्याला शिकवलंय की अधिकाऱ्याचा शब्द म्हणजे नियम. एकदाच सांगितलं तरी पुरे. म्हणून हा शिकला, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी केरसुणी उचलायची नाही." तो थांबला. "चाळीस केंद्रांवर दर लक्ष्मीपूजनाला हेच होईल. कुणीतरी मागून चालत असेल."

"माहीत आहे."

"पण उपाय सोपा आहे, मॅडम. तो एक दिवस मी नोंदीतून पुसून टाकतो. सहा वर्षांतला एक दिवस. हा दुरुस्त होईल, समितीला काही दिसणार नाही, चाळीस ठिकाणी माणसं वाचतील. तुमचंही..." त्याने वाक्य सोडून दिलं. मनाने तो वाईट नव्हता. त्याला खरोखरच तिची दया आली होती, आणि यंत्राचीही. "गेलेला माणूस तर परत येत नाही ना?"

तिला झटकन हो म्हणता आलं असतं. त्यात कुणाचं नुकसान होतं? यंत्र सुरक्षित होणार होतं. जगात त्या सकाळचा एवढा एकच साक्षीदार उरला होता, बुटांच्या आणि हातमोज्यांच्या आकड्यांचा, आणि तो एका बोटाने नाहीसा होत होता. ती आयुष्यभर याचीच वाट बघत होती, असं म्हटलं तरी चाललं असतं. पण डोळ्यांपुढून ते उन्हात उभं राहिलेलं यंत्र हलेना. पुढचं पाऊल त्याच्याकडे नाहीच, असं ओजस म्हणाला होता.

"दोन दिवस काही पुसू नकोस," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पाडवा होता. घरोघरी बायका नवऱ्यांना ओवाळत होत्या, आणि सकटांच्या अंगणात कौसाबाई एकट्या केरसुणी बांधत बसल्या होत्या. समोर शिंदीच्या पानांचा ढीग, पायाच्या अंगठ्यात दोरी अडकवलेली. मंजुषाला बघून त्यांनी पदर सारखा केला.

"बसा, मॅडम. सणाचं आलाव. पाणी आणू?"

"नको काकू. आधी ऐका. नंतर पाणी द्यावंसं वाटलं तर द्या."

आणि तिने सांगितलं. साहेबांची घाई, हळदकुंकवाची बोटं, पुढे केलेला हात, आपलं वाक्य, त्यांचं 'बरं, तुमी म्हणताय तर'. चौकशीतलं अर्धं उत्तर. तीन वर्षं मनात घोकून ठेवलेलं सगळं पाच मिनिटांत संपलं, याचंच तिला नवल वाटलं. बोलताना ती कौसाबाईंच्या हातांकडे बघत होती. हात आधी चालू होते. 'राहू दे, काका' या शब्दांपाशी ते थांबले.

शेजारच्या घरात ओवाळणीचं हसणं चाललं होतं.

"म्हंजी तो इसरला न्हवता," कौसाबाई म्हणाल्या.

"नाही."

"मागितली हुती त्यानं."

"हो. हात पुढे केला होता."

कौसाबाईंनी मान हलवली. पुन्हा हलवली. डोळ्यांत पाणी नव्हतं, चेहरा मात्र एकाएकी थकला होता.

"तीन वर्सं मी त्याच्यावर रुसून हाय, बाई. फोटूला हार घातला, पर मनात रुसलेली. मी रात रात बसून बांधली, हातात दिली, आन ती इसरून ह्यो मानूस गेलाच कसा? माझं कायच ध्यानात राहिलं न्हाई का त्याच्या? आसं वाटायचं. एकांदा शिवी बी घातली त्याला." त्यांनी अर्धवट बांधलेली केरसुणी मांडीवर आडवी घेतली. "त्यो तर हात करून हुबा हुता."

मंजुषाने त्यांचे पाय धरायला हात पुढे केला. कौसाबाईंनी पाय मागे घेतले. रागाने नव्हे, पण घेतले.

"माझ्या पाया पडून काय हुतंय? जितं त्याचं नाव घालवलंय तितं जाऊन सांगा. समद्यांम्होरं. आन ते यंत्र..." त्या अडखळल्या. "पोरं सांगत्यात. त्याच्यावानी पाय वडतं म्हनं?"

"हो. आणि येडाईला वाकतं."

कौसाबाईंनी पदर तोंडाला लावला. मग त्या म्हणाल्या, "तुमी जावा आता." पाण्याचं त्यांनी पुन्हा विचारलं नाही, आणि मंजुषालाही ते बरोबरच वाटलं.

समितीपुढे ती उभी राहिली तेव्हा ओजस भिंतीकडे बघत होता. तिने तो दिवस पडद्यावर लावला, खुणेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "ही खूण माझी आहे." अहवाल बदलला. विसराळूपणाच्या ऐवजी 'अधिकाऱ्याच्या चुकीच्या सूचनेमुळे' असे शब्द आले, आणि ते गावच्या चावडीत वाचून दाखवावेत हा तिचा अर्जही मान्य झाला. तिची नोकरी गेली. खटला उभा राहिला, तो अजून चालू आहे. चाळीस केंद्रांचं काम एक वर्ष मागे पडलं, आणि कंपनीच्या लोकांनी तिला मनातल्या मनात काय काय म्हटलं असेल ते सांगायला नको.

तो दिवस मात्र कुणी पुसला नाही. ओजसनेच हट्ट धरला. म्हणाला, चूक काढून टाकली तर यंत्राला ती कधी कळणारच नाही; चुकीच्या पुढचं पाऊल शिकवायला हवं. त्यासाठी लक्ष्मीपूजनाच्याच दिवशी, हळदकुंकू लावलेली केरसुणी, कुणीतरी अधिकाराने त्याच्या हातात द्यायला हवी होती. कुणी द्यायची, यावर फार चर्चा झाली नाही.

पुढच्या लक्ष्मीपूजनाला सकाळी मंजुषा कुंपणाबाहेरच्या रस्त्यावर उभी होती. आत जायची परवानगी तिला नव्हती, आणि तिने मागितलीही नव्हती. ऊन चांगलं तापलं होतं. अशा उन्हाची भीती तिची अजून गेलेली नाही. कुठल्याही मोकळ्या, उजळ जागेत ती आधी क्षणभर थांबते, मगच पाऊल टाकते.

कंट्रोल रूमच्या दारात कौसाबाई दिसल्या. नवं लुगडं नेसलेल्या. यंत्र त्यांच्यासमोर हात पुढे करून उभं होतं आणि हात हवेत तसाच होता. कौसाबाई त्या हाताकडे बघत राहिल्या. अकरा सेकंद होऊन गेले असतील, वीस झाले असतील. मग त्यांनी हळदकुंकवाची केरसुणी त्याच्या हातात ठेवली आणि त्याची लोखंडी बोटं आपल्या हातांनी एकेक करून मिटली. त्या काहीतरी म्हणाल्या. कुंपणापर्यंत ते ऐकू आलं नाही.

यंत्र निघालं. डावा पाय ओढत, केरसुणी पुढे धरून. तिसऱ्या कॉम्प्रेसरच्या कोपऱ्यावर ते येडाईकडे वळून वाकलं, आणि मागे उभ्या असलेल्या कौसाबाईही वाकल्या. चौदाव्या जोडावर त्याने हात ठेवला आणि ते जरा थांबलं. मंजुषाने कुंपणाची जाळी घट्ट धरली.

मग त्याने पाऊल उचललं आणि ते पंधराव्या जोडाकडे गेलं. कौसाबाई चार पावलं अंतर ठेवून त्याच्या मागे चालत राहिल्या, फेरी संपेपर्यंत.